धर्मांतराची कथा कोणी सांगावी?

मराठी वाङ्मयात धर्मांतराच्या कथा थोड्या नाहीत. परंतु त्यांजविषयी आजवर जे लिहिले गेले ते बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले आहे. अमक्याने धर्म सोडला हे बरे झाले की वाईट, हा तो प्रश्न. तो धर्मशास्त्र्यांचा आणि समाजधुरीणांचा आहे, व त्याचा निकाल त्यांनी आपापल्या न्यायासनावर बसून खुशाल लावावा. वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्याच्याही आधी एक निराळी चौकशी केली पाहिजे. ही कथा सांगणारा कोण आहे? जो एका उंबरठ्यावरून दुसऱ्या उंबरठ्यावर गेला तो, की ज्याने त्याचा हात धरून त्याला पलीकडे नेले तो? मिशनऱ्याने लिहिलेली हकीकत आणि त्याच्या हाताखालून गेलेल्या मनुष्याने लिहिलेली हकीकत या दोहोंत प्रसंग तेच, तारखा त्याच, क्वचित पत्रेही तीच असतात. तथापि दोन्ही वाचणाऱ्यास आपण दोन वेगळ्या घटना वाचल्या असेच वाटते. या भेदाचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे. आणि तो करताना लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’कडे ज्या दृष्टीने पाहण्याची आपल्याकडे वहिवाट पडली आहे, ती थोडी बाजूस ठेवण्याची आम्ही वाचकांस विनंती करणार आहोत.

आम्ही ज्या गावी बसून हे लिहीत आहोत त्या उदगिरास हा विषय केवळ पुस्तकी नाही. १९५६ पर्यंत हे गाव हैदराबादच्या बीदर जिल्ह्यात होते. मराठी, कानडी आणि उर्दू या तिन्ही भाषा येथील बाजारात एकाच दुकानासमोर ऐकू येतात. बसवेश्वरांचे कल्याण येथून फार दूर नाही, व गळ्यात इष्टलिंग धारण करणारी घराणी येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. बीदरकडे मेथॉडिस्ट मिशनने शाळा व दवाखाना काढला. दुसऱ्या बाजूने आर्यसमाजाची शुद्धीची चळवळ आली. तिचे येथील पुढारी, वकिली करणारे भाई श्यामलाल, १९३८ च्या डिसेंबरात बीदरच्या तुरुंगात मरण पावले, आणि त्यांच्या नावाची शाळा आज उदगिरात आहे. सारांश, माणसाने धर्म बदलावा म्हणून झटणाऱ्या आणि बदलू नये म्हणून झटणाऱ्या अशा दोन्ही पक्षांची या भागास जुनी ओळख आहे.

येथील लोकांच्या बोलण्यात एक गोष्ट आम्हांस फार वेळा जाणवली. ‘त्याला बाटविले’, ‘त्याला शुद्ध करून घेतले’, ‘त्याला बाप्तिस्मा दिला’. पक्ष कोणताही असो, व्याकरण एकच. क्रिया करणारा दुसरा कोणीतरी, आणि ज्याच्या आत्म्याचा प्रश्न आहे तो बिचारा ‘ला’ प्रत्यय लावून एका कडेला उभा! यास एक मोठा अपवाद आमच्या स्मरणात येतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. आंबेडकरांनी दीक्षा ‘घेतली’, असेच आपण सर्व जण म्हणतो. येवल्यास केलेल्या घोषणेनंतरची एकवीस वर्षे त्यांनी स्वतः वाचून, स्वतः ताडून पाहून घालविली होती. दीक्षाविधी करणारे वृद्ध भिक्षू महास्थवीर चंद्रमणी यांचे नाव आज किती जणांस आठवते? तेथे कर्ता कोण याविषयी भाषेलाही संशय राहिला नाही. इतरत्र मात्र वाटाड्याच पुढे असतो, आणि पुष्कळदा लेखणीही त्याच्याच हाती असते.

वाटाड्याच्या लेखणीतून उतरलेल्या हकीकतीचा नमुना म्हणून विल्यम स्मिथ यांच्या ‘द्विज’ या इंग्रजी पुस्तकाकडे पाहावे. ते १८५० साली लंडनमध्ये निघाले. स्मिथ हे चर्च मिशनरी सोसायटीचे काशी येथील मिशनरी. आणि त्यांच्या पुस्तकाचा विषय झालेले ब्राह्मण म्हणजे काशीत वाढलेले चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे. या पाद्र्याला वादात गप्प करावे अशा ईर्षेने हे तरुण शास्त्री प्रथम स्मिथांकडे गेले. पुढे येणेजाणे वाढले, ग्रंथ वाचले गेले, घरच्या मंडळींस संशय आला, अडथळे उत्पन्न झाले. आणि अखेर १४ मार्च १८४८ रोजी, काशीतील गवगवा टळावा म्हणून दूर जौनपूर येथे, बाप्तिस्मा झाला. यास काही वर्षे लागली. एवढा काळ एका मनुष्याच्या शंकांची सोबत करावयाची, त्याने पाठ फिरविली तरी दार लावून घ्यावयाचे नाही, ही गोष्ट सोपी नव्हे. स्मिथांच्या चिकाटीविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण पुस्तकाचे नावच पाहा. ‘द्विज’! उपनयनाने दुसरा जन्म पावलेल्या ब्राह्मणाला खरा दुसरा जन्म बाप्तिस्म्याने मिळाला, असा त्यात श्लेष आहे. श्लेष चांगला साधला आहे यात शंका नाही. मात्र तो सुचला वाटाड्याला. आणि एकदा तो सुचल्यावर मधल्या वर्षांतील प्रत्येक शंका ही त्या शेवटच्या पानाकडे जाणारी एक पायरी होऊन बसली. शंका ही शंका म्हणून तेथे उरत नाही.

गोऱ्ह्यांच्या शंकेचे खरे स्वरूप पाहावयाचे असेल तर दुसरीकडे वळावे लागते. जॉन म्यूर यांनी ख्रिस्ती धर्माचे मंडन करण्यासाठी संस्कृतात ‘मतपरीक्षा’ नावाचा ग्रंथ लिहिला होता. त्यास जी उत्तरे पंडितांकडून आली त्यांत ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हे एक तोलाचे उत्तर होते, आणि त्याचे कर्ते नीळकंठशास्त्री होते. त्या वेळी त्यांचे वय विशीच्या आसपास. म्हणजे ख्रिस्ती धर्माविरुद्ध उत्तम लिहिणारा आणि तीन-चार वर्षांत तोच धर्म पत्करणारा मनुष्य एकच! हा विस्मय केवळ ‘पायऱ्यां’च्या कल्पनेने उलगडत नाही. शिवाय गोऱ्ह्यांच्या संशयी मनाने बाप्तिस्म्यानंतर विश्रांती घेतली असेही नाही. १८६० साली ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून त्यांनी हिंदू दर्शनांचे खंडन केले हे खरे, पण त्यांची स्वतःची श्रद्धा त्यांना आयुष्यभर छळीत राहिली. एका ख्रिस्ती पंथातून दुसऱ्यात, तेथून संन्याशी पाद्र्यांच्या संघाकडे, असा त्यांचा प्रवास १८९५ साली मृत्यू येईपर्यंत चालूच होता. स्मिथांचे पुस्तक बाप्तिस्म्याजवळ संपते. वाटाड्याचे काम तेथे पुरे झालेले असते. वाटसरूचे झालेले नसते.

बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे स्वतः वाटसरूनेच लिहिलेले आहे, तेव्हा त्यात हा दोष नसावा अशी वाचकांची अपेक्षा होईल. बेळगावच्या कासार कुटुंबात १८३१ साली जन्मलेल्या बाबांनी १८५४ च्या सप्टेंबरात बाप्तिस्मा घेतला. पुढे तीन वर्षांनी त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी निघाली, आणि आत्मचरित्र त्यानंतर बऱ्याच काळाने आले. त्यातील व्रतवैकल्यांची, घरातील देवधर्माची व परमहंस मंडळीची हकीकत आजही वाचनीय आहे. परंतु आत्मचरित्राचे नाव ‘अरुणोदय’ ठेवले की त्या आधीची सारी वर्षे रात्र ठरतात. लिहिणारा उजेडात बसून रात्रीची आठवण लिहितो; त्या रात्री त्यालाही दिवे दिसत होते हे तो विसरतो, किंवा विसरणे त्याला योग्य वाटते. याहून अधिक त्या पुस्तकाविषयी येथे सांगण्याचे कारण नाही.

पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार ही मात्र निराळीच वस्तू आहे, कारण तेथे लेखण्या दोन आहेत. रमाबाई १८८३ साली इंग्लंडास गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात उतरल्या. जाण्यापूर्वी पुण्यास त्यांचा ज्यांच्याशी विचारविनिमय झाला, व पुढे ज्यांच्या पत्रांचा त्यांच्या मनावर परिणाम झाला, ते गृहस्थ म्हणजे हेच नीळकंठशास्त्री गोऱ्हे. स्मिथांचा शिष्य असा पस्तीस वर्षांनी दुसऱ्याचा वाटाड्या झालेला दिसतो. वाँटेज येथे रमाबाईंच्या सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी विष घेऊन आयुष्य संपविले. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी व त्यांच्या लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. एवढ्या दोन घटना जवळजवळ ठेवल्या तरी त्या मठातील ते दिवस कसे गेले असतील याची कल्पना येते.

मठातील सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता. मायलेकी त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. या एका शब्दात केवढा मराठी जिव्हाळा आहे! आणि तरीही आजीबाईंची व रमाबाईंची पत्रे वाचू लागले की थोड्याच वेळात भांडणाचा सूर ऐकू येतो. त्रैक्याचा सिद्धांत रमाबाईंना पटत नाही, आणि त्या तसे स्पष्ट लिहितात. मांसाहार न करण्याचा आपला नेम त्या सोडीत नाहीत. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे की नाही याची चर्चा सुरू होते, आणि हिंदुस्थानातील बिशप तिकडून आपला निषेध कळवितात! आजीबाईंचे म्हणणे असे की, नव्याने आलेल्या मुलीने मंडळीचा अधिकार मुकाट्याने मान्य करावा. प्रश्न विचारीत राहणे हे अहंकाराचे लक्षण होय. रमाबाईंचे म्हणणे असे की, एका पुरोहितवर्गाचे जोखड नुकतेच मानेवरून उतरविले ते दुसऱ्या पुरोहितवर्गाचे घेण्यासाठी नव्हे. आम्हांस येथे कोणाचे चुकले हे ठरवावयाचे नाही. सिस्टर जेराल्डीन यांचे प्रेम खोटे नव्हते. आपण हिला वाट दाखविली, आता हिने आपल्या पावलावर पाऊल टाकावे, ही अपेक्षा त्या प्रेमाच्या पोटातच होती. विशेष हे की हा सारा पत्रव्यवहार जपून ठेवला व जुळविला तो आजीबाईंनीच. अ. भि. शहा यांनी संपादिलेला तो ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. शिष्या आपल्याला कशी निरुत्तर करीत गेली याचा पुरावा गुरूने स्वतःच्या हाताने सांभाळला, याबद्दल मराठी वाचकांनी त्या बाईंचे ऋणी राहिले पाहिजे.

रमाबाई स्वतः वाटाड्याच्या जागी आल्या तेव्हा काय झाले हे सर्वश्रुत आहे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन निघाले व पुढे ते पुण्यास गेले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार लावून घेत नसत. विधवा मुलींपैकी ज्यांस यावेसे वाटे त्या येऊन बसत. यावरून गहजब झाला, आणि १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार मंडळींनी आपला संबंध सोडला. दार उघडे ठेवणे म्हणजे बोलावणे की नाही? हा प्रश्न आम्हांस त्या काळच्या वर्तमानपत्री वादापेक्षा अधिक गहन वाटतो. त्याचे उत्तर देण्याचा खरा अधिकार त्या दारातून आत जाणाऱ्या मुलींचा होता, आणि त्या वादात आवाज घुमला तो सल्लागारांचा व संपादकांचा.

आता ‘स्मृतिचित्रां’कडे येऊ. नारायण वामन टिळक १८९३ साली आगगाडीने राजनांदगावास जात असता डब्यात त्यांची अर्नेस्ट वॉर्ड नावाच्या मिशनऱ्याशी गाठ पडली. काव्यशास्त्रविनोदात प्रवास सरला. वॉर्ड यांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली व दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. एक प्रवास, एक पुस्तक आणि एक भाकीत, यापलीकडे त्या वाटाड्याची कामगिरी नाही. यापुढे टिळक स्वतः अमेरिकन मराठी मिशनमध्ये दाखल होऊन नगरास काम करू लागले. कवी म्हणून, कीर्तनकार म्हणून, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादक म्हणून, आणि आयुष्याच्या शेवटी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापणारे ख्रिस्ती संन्यासी म्हणून त्यांनी अनेकांना वाट दाखविली. त्या अनेकांत सर्वांत अवघड यात्रेकरू त्यांच्या घरातच होता.

लक्ष्मीबाईंचे बालपण वडिलांच्या सोवळ्याने व्यापलेल्या घरात गेले. हे सोवळे साधे नव्हते. त्याने सारे घर वेठीस धरले होते, आणि त्याचे जे वर्णन त्यांनी केले आहे ते वाचताना वाचक आधी हसतो व मग त्यास त्या घरातील बायकांची दया येते. अकराव्या वर्षी लग्न झाले. पतीने अक्षरओळख करून दिली. आणि मग एके दिवशी हा पती ख्रिस्ती झाला. त्या वेळी लक्ष्मीबाई त्याच्याजवळ नव्हत्या. बातमी नातलगांतून त्यांच्यापर्यंत आली. पुढील साडेचार-पाच वर्षे त्या लहान दत्तूला घेऊन आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. हा वियोगाचा काळ हा आमच्या मते पुस्तकाचा गाभा आहे. तेथे शोक आहे, जवळजवळ वेड लागण्याची पाळी आहे, लोकांच्या दयेचा काच आहे, आणि एवढे असूनही पतीच्या पत्राची वाट पाहणे सुटत नाही. दुसऱ्या एखाद्या लेखिकेने येथे करुणरसाची पेठ मांडली असती.

या ठिकाणी कायद्याची एक गोष्ट वाचकांच्या ध्यानात आणून देणे अवश्य आहे. १८६६ च्या २१ व्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या मनुष्यास असा मार्ग मोकळा करून दिला होता की, पत्नी धर्मांतराच्या कारणास्तव नांदावयास येत नसेल तर त्याने न्यायालयाकडे जावे, ठरावीक मुदत जाऊ द्यावी, आणि ती तरीही न आली तर विवाहबंधनातून मुक्त होऊन दुसरे लग्न करावे. टिळकांचे वय तेव्हा पस्तिशीच्या आत होते. त्यांनी त्या वाटेला पाऊल टाकले नाही. ते पत्रे लिहीत राहिले. आणि लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत आल्या त्या हिंदू म्हणूनच आल्या. त्यांचे सोवळे, त्यांची वेगळी चूल, त्यांचे वेगळे पाणी ही सारी त्या मिशनच्या वस्तीत त्यांच्याबरोबर आली. ख्रिस्ती उपदेशकाच्या घरात बायको त्याच्याच हातचे शिवीत नाही, हे दृश्य मिशनमधील मंडळींस कसे दिसत असेल याची कल्पना करावी. टिळकांनी ते चालू दिले.

टिळकांची येथे नुसती स्तुती करून थांबणे मात्र पुस्तकास धरून होणार नाही. ज्या मनुष्याने पत्नीच्या निर्णयासाठी एवढी वर्षे धीर धरला, त्यानेच आपला स्वतःचा निर्णय तिला बाजूस ठेवून एकट्याने घेतला होता. त्यांचा तापट स्वभाव, हातातील पैसा दुसऱ्यास देऊन घरात चणचण करून ठेवण्याची त्यांची सवय, क्षणात रुसवा व क्षणात पश्चात्ताप, हे सारे लक्ष्मीबाईंनी एकही शब्द न गाळता लिहिले आहे. मिशनरी चरित्रांत उपदेशक हा उपदेशास शोभेल असाच असावयाचा. येथे तो नवऱ्यासारखा आहे! आणि म्हणूनच त्याची सहनशीलता खरी वाटते. स्वभावाने धीराचा नसलेला मनुष्य एका ठिकाणी धीर धरतो, यात त्याचे मोठेपण दिसते.

लक्ष्मीबाईंच्या पुस्तकाचे टीकाकारांनी जे कौतुक केले आहे त्यात ‘प्रांजळ’, ‘साधी’, ‘घरगुती’, ‘भाबडी’ ही विशेषणे पुनःपुन्हा येतात. पहिल्या तिहींस आमची हरकत नाही. चौथे आम्हांस मुळीच मान्य नाही. भाबड्या स्त्रीने नवऱ्यामागोमाग बाप्तिस्मा घेतला असता, किंवा नवऱ्याचे नाव टाकले असते. लक्ष्मीबाईंनी दोन्ही केले नाही. त्यांनी विचार केला. जातिभेद हा देवाने केलेला की माणसाने केलेला, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी एकट्या बसून घातला, तो सर्व बाजूंनी उलटून पाहिला, आणि तो माणसाने केलेला आहे असे ठरल्याबरोबर त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. पुस्तकातील हा भाग अगदी थोडका आहे. त्यात एकही जड शब्द नाही. परंतु पंडितांच्या संस्कृत वादग्रंथांत जे तर्कशास्त्र आम्ही आदराने वाचतो, त्याहून हे तर्कशास्त्र उणे नाही. उलट येथे निष्कर्षाची किंमत निष्कर्ष काढणारीने त्याच दिवशी, स्वतःच्या पाण्याच्या भांड्यापाशी दिली आहे. वडिलांच्या घरातील ते अघोर सोवळे आठवले म्हणजे त्या एका घोटाचे महत्त्व कळते.

आणखी एक गोष्ट. येथे आधी जात गेली, ख्रिस्ताचा स्वीकार नंतर झाला. वाटाड्यांच्या पुस्तकांतील क्रम बहुधा याच्या उलट असतो: आधी पापाची जाणीव, मग तारणारा, मग त्याच्या अनुषंगाने आचारात पालट. लक्ष्मीबाईंनी आपला क्रम तेथील साच्यात बसविला नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा टिळकांना केवढा आनंद झाला असेल! पण तो निर्णय त्यांनी घडवून आणला असे म्हणण्यास ग्रंथकर्तीने जागाच ठेवलेली नाही. टिळक आपल्या स्वतःच्या वाटेविषयी म्हणत की आपण ख्रिस्ताकडे तुकारामाच्या सेतूवरून आलो. लक्ष्मीबाईंचा सेतू स्वयंपाकघरातून गेला, इतकाच फरक.

या पुस्तकाचा जन्म कसा झाला हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे. टिळक १९१९ साली वारले. त्यांचे चरित्र लिहावे असे चिरंजीव देवदत्तांच्या मनात होते, आणि त्यासाठी आईने आपल्या आठवणी टिपून द्याव्या अशी त्यांनी विनंती केली. म्हणजे मूळ बेत असा की, लक्ष्मीबाईंनी सामग्री पुरवावी व पुस्तक मात्र टिळकांचे व्हावे. झाले ते उलट. १९३४ पासून भागाभागाने ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली, १९३६ च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाई निवर्तल्या, आणि मागे उरलेल्या पुस्तकात टिळक हे तिच्या कथेतील एक पात्र होऊन बसले. वाटाड्याचे चरित्र लिहिता लिहिता वाटसरूने आपलीच वाट लिहून काढली. मराठी गद्यात असे दुसरे उदाहरण आम्हांस आढळत नाही.

या गुणांच्या भरात पुस्तकाच्या उणिवा झाकू नयेत. बाप्तिस्म्यानंतरच्या भागांत अंतर्मनाचा शोध पातळ होत जातो. पाहुणे, दत्तक घेतल्यासारखी सांभाळलेली मुले, प्लेगचे दिवस, प्रवास, फजित्या यांची गर्दी होते. गोष्टी रसाळ आहेत, पण वियोगाच्या प्रकरणांत जी धार होती ती तेथे क्वचितच दिसते. नवा धर्म अंगवळणी पडल्यावर त्याच्याशी झगडा कोठे झाला की नाही, गोऱ्ह्यांसारखी एखादी रात्र आली की नाही, याविषयी त्या बोलत नाहीत. टिळकांनी अर्धे टाकलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनीच पुरे केले, यावरून त्यांची श्रद्धा किती खोल होती ते समजते. स्मृतिचित्रांत मात्र ती गृहीत धरलेली आहे.

२०२२ च्या एप्रिलात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या उदगिरास भरले. त्याच्या दोन वर्षे आधी शेजारच्या उस्मानाबादेस, म्हणजे आताच्या धाराशिवास, फादर फ्रान्सिस दिब्रिटो संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा, ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान कसा, अशी ओरड झाली होती. ओरड करणाऱ्यांपैकी कित्येकांच्या कपाटात ‘स्मृतिचित्रे’ असेल अशी आमची खात्री आहे, आणि त्यांनी ती आवडीने वाचलीही असेल. विनोदी आठवणींचे पुस्तक म्हणून वाचले की ते कोणासच बोचत नाही. धर्मांतराचे सारे ओझे टिळकांवर टाकावयाचे, बाईंना भाबड्या ठरवावयाचे, आणि पुस्तक मुलांच्या हाती द्यावयाचे, अशी ही सोय आहे. त्यात लक्ष्मीबाईंचा विचार तेवढा हरवतो. ‘बाटविणारे’ आणि ‘शुद्ध करणारे’ या दोघांच्याही व्याकरणात त्यांना जागा नाही, हे एकदा कबूल केले पाहिजे. त्यांचे नातू अशोक टिळक यांनी टिपांसह सिद्ध केलेली आवृत्ती आज उपलब्ध आहे. संक्षिप्त आवृत्तीवर न थांबता वाचकांनी ती मिळवावी.

एका उणिवेचा उल्लेख आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण ती एकट्या लक्ष्मीबाईंची नाही. नगर जिल्ह्यातील मिशनमध्ये जे लोक मोठ्या संख्येने आले ते महार व मांग समाजांतले होते. लक्ष्मीबाईंच्या कथेत ते शेजारी म्हणून येतात, मायेने येतात. त्यांच्या हातचे पाणी घेणे हा बाईंच्या मनाचा कस ठरतो. पण पाणी देणाऱ्याने आपला धर्म का सोडला, त्याला कोणी वाट दाखविली, त्याने किती वर्षे विचार केला, हे तेथे कोणी विचारीत नाही. आमच्या मराठवाड्यात याहून ठळक उदाहरण आहे. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण नारायण शेषाद्री पुढे मिशनरी होऊन जालन्यास आले, आणि त्यांनी जवळच बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. नारायणरावांच्या धर्मांतराविषयी, आणि त्यांचे धाकटे बंधू श्रीपत यांस जातीत परत घ्यावे की नाही याविषयी, बाळशास्त्री जांभेकरांच्या काळापासून रकानेच्या रकाने लिहिले गेले आहेत. बेथेलात ज्या मांग कुटुंबांनी घरे बांधली, त्यांच्याविषयी मिशनच्या अहवालांत दर वर्षीचा आकडा असतो: इतके बाप्तिस्मे, इतकी मुले शाळेत, इतके मृत्यू.